एका नावाला पाच सेकंद

हंगाम सुरू असला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीत एसटीची वाट बघत उभा असलेला माणूस नकळत मोजायला लागतो. उसानं भरलेला एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या मागं दुसरा, मग एखादी बैलगाडी, मग पुन्हा ट्रॅक्टर. सगळ्यांची तोंडं दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याकडं. दोन ट्रॉल्यांचा एक ट्रॅक्टर म्हणजे साधारण वीस टन, एकरी उतारा किती पडला, यंदा रिकव्हरी किती, बिल कधी निघणार, हा हिशेब या रस्त्यावरच्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतो. मोठ्या आकड्यांचं या पट्ट्यात कुणाला भय वाटत नाही. म्हणून एक हिशेब इथंच मांडावासा वाटला. त्यात टन नाहीत, माणसं आहेत.

गेल्या हिवाळ्यात त्याच रस्त्याकडेला उभं राहून मी मोबाईलमधलं घड्याळ सुरू केलं आणि सात नावं मोठ्यानं म्हटली. करवीरय्या स्वामी. नारायण वारके. शंकर इंगळे. तुकाराम भारमल. मल्लू चौगुले. बळवंत जबशेट्टी. परशुराम साळुंखे. १३ डिसेंबर १९४२ ला गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेले आणि तिथंच गोळ्यांना बळी पडलेले हे सात जण. नाव सावकाश घ्यायचं, क्षणभर थांबायचं, मग पुढचं. सातवं नाव संपलं तेव्हा घड्याळात पस्तीस सेकंद झाले होते. एका नावाला पाच सेकंद.

माझा हिशेब खरा फौजेतल्या माणसांचा. हे सातही जण फौजेतले नव्हते, स्वातंत्र्याच्या लढ्यातले होते. पण गाव आपल्या माणसाचं नाव कसं जपतं, हे त्यांच्यामुळं कळतं. बिद्रीहून गारगोटीकडं निघालं की वाटेत मुदाळ लागतं. तिथल्या सूतगिरणीचं नाव हुतात्मा स्वामी-वारके. पाळीला निघालेला कामगार, सुताचा माल भरणारा ट्रकवाला, हजेरी मांडणारा कारकून, सगळ्यांच्या तोंडी दिवसातून कितीदा तरी ती दोन नावं येतात. मुद्दाम आठवण काढावी लागत नाही, ती कामाच्या बोलण्यातच शिरलेली असते. गारगोटीत दर वर्षी १३ डिसेंबरला लोक अभिवादनाला जमतात, ते आणखी वेगळं.

सात नावांचं माप हाती आलं. आता तेच घेऊन लांब जायचं आहे.

साताऱ्याजवळ अपशिंगे आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले आणि गावाच्या नावापुढं ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला. ४६ नावांना तीन मिनिटं पन्नास सेकंद लागतात. आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात टाकळी आहे, तिला सगळे सैनिक टाकळी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या घराघरातून फौजेत माणूस गेला, म्हणून गावाच्या नावातच शिपाई येऊन बसला. गावाचं नाव हेच स्मारक, असं इथं झालंय.

तिथून पुढं गेलं की आकडे अंगावर येतात. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक माणसं गेली. प्रत्येकाला एक मीटर जागा देऊन रांगेत उभं केलं तर रांग १,३०० किलोमीटरची होईल. कोल्हापूर ते मुंबई तीनदा धरूनही माणसं उरतील. त्यातले सुमारे ७४,००० परत आले नाहीत. पाच सेकंदांच्या मापानं ७४,००० नावं वाचायला सोमवारी सकाळी सहाला बसलेला माणूस, न झोपता, न जेवता, शुक्रवारी दुपारी पाऊण वाजता उठेल. दिल्लीच्या इंडिया गेटवर कोरलेली नावं तेरा हजारांच्या थोडी वर आहेत. ती अठरा-एकोणीस तासांत संपतात. उरलेले तीन दिवस आणि काही तास वाचायचं कुठून?

याचं उत्तर शोधत गेलं की माणूस इराकमधल्या बसऱ्याला पोचतो.

मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, ही मराठी शिपायांची खरी रणभूमी. तुर्कांनी कूत या गावाला वेढा घातला तेव्हा आत अडकलेली फौज होती सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला. (पुढं १९४९ पासून हाच ७ डिसेंबर आपल्याकडं सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. योगायोगच आहे, पण मला तो दिवस आला की कूत आठवतं.) जवळजवळ पाच महिने ती माणसं उपासमारीत लढली. त्यांना सोडवायला गेलेल्या फौजेतले २३,००० मेले किंवा जखमी झाले, तरी वाट उघडली नाही. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण आले आणि कैदी म्हणून वाळवंटातून चालवत नेले गेले. किती जण त्या वाटेवरच पडले. गावाकडं पत्र यायचं बंद झालं, एवढीच खूण घरी पोचली.

बसऱ्याला १९२९ मध्ये मोठं स्मारक उभं राहिलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या ४०,००० हून अधिक माणसांसाठी. त्यातली बहुसंख्य हिंदुस्थानी. त्या भिंतीवर गोऱ्या शिपायाचं नाव आहे, मग त्याचा हुद्दा कितीही साधा असो. हिंदुस्थानी सुभेदार-जमादाराचंही नाव आहे. पण साध्या हिंदुस्थानी शिपायाचं नाव नाही. पलटणीचं नाव लिहायचं, अधिकाऱ्यांची नावं कोरायची आणि खाली इतर शिपाई इतके, असा आकडा टाकायचा. नांगर सोडून गेलेला, कधी समुद्र न बघितलेला, बोटीत ओकून ओकून अर्धमेला झालेला शिपाई तिथं एका बेरजेतला हातचा होऊन राहिला. मला हे जेव्हा पहिल्यांदा समजलं, तेव्हा वाटलं, आपल्या गावच्या चावडीवर तरी असं कुणी केलं नसतं.

ही माझी एकट्याची तक्रार नाही. समाध्या आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननंच एप्रिल २०२१ मध्ये एका अहवालात हे कबूल केलं आणि माफी मागितली. त्या अहवालातला अंदाज असा : ४५,००० ते ५४,००० मृतांची आठवण इतरांच्या बरोबरीनं ठेवली गेली नाही, आणि आणखी किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानं आठवण ठेवलीच गेली नाही. त्यात हिंदुस्थानी होते, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतले होते, इजिप्त आणि सोमालियातले होते. साडेतीन लाखांना पाच सेकंदांनी गुणलं तर वीस दिवस आणि सहा तास होतात. नावं वाचायला बसलेला माणूस वीस दिवस, वीस रात्री नुसता गप्प बसून राहील. कागद समोर आहे, ओळी आखलेल्या आहेत, आणि ओळीवर काही लिहिलेलं नाही.

आणि त्याच ब्रिटिश साम्राज्यानं त्याच मृतांच्या घरी नाव पाठवलं होतं, ही गोष्ट मनातून जात नाही. युद्ध संपल्यावर प्रत्येक मृताच्या वारसाला काशाची एक गोल तबकडी दिली गेली. अशा १३,५५,००० तबकड्या ओतल्या गेल्या आणि त्यांना ४५० टन कासं लागलं. बिद्रीच्या रस्त्यावरच्या भाषेत बावीस-तेवीस ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्यांचे, नुसत्या कासानं भरलेले. प्रत्येक तबकडी बारा सेंटिमीटर रुंद, वजन पाव किलोच्या वर, किलोचा तिसरा हिस्सा. हातात घेतली तर जड लागते. वर हातात माळ घेतलेली ब्रिटानिया, तिच्या पायाशी सिंह, बाजूला दोन डॉल्फिन. कडेनं गोल इंग्रजी वाक्य, स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी हा मेला असं सांगणारं. आणि एका बाजूला लहानशा चौकटीत नाव. हुद्दा नाही, नंबर नाही, फक्त नाव. मेल्यावर सगळे सारखे, म्हणून हुद्दा मुद्दाम गाळलेला. ते नाव कोरलेलं नसायचं, ओतलेलं असायचं, धातूतून वर उठलेलं. इंग्रजी न येणाऱ्या, कुठलीच अक्षरं न येणाऱ्या आईला ते बोटानं चाचपता येत असे. तिच्या पोराचं नाव कुठून सुरू होतं आणि कुठं संपतं, एवढं तिच्या बोटाला कळत असणार.

अशा तबकड्या घराघरातून कुठं गेल्या? काही देव्हाऱ्यात राहिल्या, काही ट्रंकेच्या तळाशी. बऱ्याच मोडीत गेल्या, कारण तिसऱ्या पिढीला ते कासं दिसलं, नाव दिसलं नाही. जुन्या वस्तूंच्या लिलावात हिंदुस्थानी नावांच्या तबकड्या आजही विकायला येतात. बसऱ्याच्या भिंतीवर नव्हतं ते नाव घरात होतं, आणि घरातून ते वजनावर गेलं.

सरकारनं दगड उभारला, धातू ओतला. नाव रोज घेतलं ते मात्र साध्या माणसांनी, पदरमोड करून. बेल्जियममधल्या ईप्र या गावाचं उदाहरण मला सगळ्यांत मोठं वाटतं. तिथल्या मेनिन गेट या कमानीवर ५४,००० हून अधिक नावं आहेत, त्यांत सुमारे चारशे हिंदुस्थानी. सगळी वाचायची तर पंच्याहत्तर तास. १९२८ च्या जुलैत गावातल्या अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांनी तिथं रोज संध्याकाळी आठ वाजता बिगुलावर लास्ट पोस्ट ही सैनिकी धून वाजवायला सुरुवात केली. रहदारी थांबवायची, कमानीखाली उभं राहायचं, वाजवायचं, आणि घरी जायचं. कुणाचा सुतारकामाचा धंदा, कुणाची नोकरी, पण आठच्या ठोक्याला कमानीखाली हजर. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गाव घेतलं तेव्हा चार वर्षं तिथला बिगुल बंद होता. ६ सप्टेंबर १९४४ ला गाव सुटलं, आणि दुसऱ्या टोकाला अजून लढाई चालू असताना त्याच संध्याकाळी बिगुल पुन्हा वाजला. ९ जुलै २०१५ ला तो तीस हजाराव्यांदा वाजला. आता तेहतीस हजारांच्या पुढं गेलाय. पाऊस असो, हिमवर्षाव असो, करोनाची बंदी असो. पहिल्या पिढीतले बिगुलवाले कधीच गेले. दुसऱ्या पिढीतलेही गेले. आठ वाजायचे राहिले नाहीत.

त्या कमानीपासून फार लांब नाही, फ्रान्सच्या हद्दीत न्यूव्ह शापेल आहे. २८ ऑक्टोबर १९१४ ला खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या तिथं बंदुका घेऊन पायदळासारख्या धावून गेल्या. खंदक खणणारी, पूल बांधणारी माणसं ती, हे काम त्यांचं नव्हतं, पण वेळ आली तशी ती गेली. तिथल्या हिंदुस्थानी स्मारकावर ४,७०० हून अधिक नावं आहेत, साडेसहा तासांची. सकाळी सातच्या एसटीनं बिद्रीहून निघालेला माणूस पुण्याला पोचून जेवून होईतो ती वाचून होतील.

अमेरिकेत १९९२ मध्ये एका व्यापाऱ्यानं पानांची उरलेली पाच हजार चक्रं आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत नेऊन ठेवली. आता डिसेंबरच्या मध्यावरच्या एका शनिवारी देशभर चार हजारांहून अधिक ठिकाणी तीस लाखांवर चक्रं वाहिली जातात, आणि वाहणाऱ्यानं दगडावरचं नाव मोठ्यानं उच्चारायचं असा रिवाज आहे. तीस लाख नावं एकट्यानं घ्यायची तर एकशे त्र्याहत्तर दिवसांहून जास्त. लाखो माणसं एकाच वेळी घेतात म्हणून दुपारच्या जेवणाआधी होतात. पोरंसोरंही असतात त्यांत, थंडीनं नाक लाल झालेली, अडखळत नाव वाचणारी.

एकट्या माणसानं काय होतं, हेही आपल्या एका माणसानं दाखवलंय. उमेश गोपीनाथ जाधव मूळचे महाराष्ट्रातले, राहायला बेंगळुरूत. औषधशास्त्र शिकवणारे, मग संगीताकडं वळलेले. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. जाधवांनी एप्रिलमध्ये गाडी काढली. चाळीस घरी जायचं, आणि प्रत्येक अंगणातली मूठभर माती घ्यायची, एवढंच काम. हॉटेल नाही, प्रायोजक नाही, झोपायचं गाडीतच. वर्षभरात ६१,००० किलोमीटर झाले. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे, म्हणजे दीड प्रदक्षिणा. सरासरी काढली तर एका घरामागं दीड हजार किलोमीटर. बरोबर एका वर्षानं, १४ फेब्रुवारी २०२० ला, मातीचा तो कलश पुलवाम्यातल्याच लेथपोऱ्याच्या स्मारकात ठेवला गेला.

चाळीस नावांना माझ्या मापानं तीन मिनिटं वीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळासाठी ६१,००० किलोमीटर. मी हे गणित दोनदा करून बघितलं, चुकलं असेल म्हणून. चुकलेलं नव्हतं. त्या माणसानं चाळीस दारं वाजवली. प्रत्येक दारात कुणी आई होती, कुणी बायको, कुणाची बोलता न येणारी लेकरं. त्यांना सांगायचं होतं की तुमच्या दारातली माती हवी. घरच्यांनी स्वतः हातानं उकरून दिली असेल, तेव्हा त्यांच्या मनात काय आलं असेल, याला माप नाही.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानचे पंचवीस लाख सैनिक होते, आणि मेले ८७,०००. त्यातला एक तुकडा इटलीतला : पन्नास हजारांवर हिंदुस्थानी तिथं लढले, ५,७८२ कायमचे राहिले. त्या मोहिमेत दिलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदुस्थानी सैनिकांना मिळाले, आणि त्या सहातले दोघं मराठा लाइट इन्फंट्रीचे. नगरकडचे नामदेव जाधव परत आले. रायगडच्या माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे आले नाहीत. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या पहिल्या फैरीत सोबतचे सगळे पडले. नाईक घाडगे एकटेच धावले, हातगोळा टाकला, समोरच्या एकाला गोळ्या घातल्या, आणि मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. मग कुठून तरी आलेल्या गोळ्यांनी तेही कोसळले. वय बावीस. त्यांची कबर सापडली नाही, कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. पदक त्यांच्या पत्नीच्या हाती पडलं.

जुलै २०२३ मध्ये तिकडच्या मोंतोने या लहानशा डोंगरी गावानं आणि इटालियन युद्ध-इतिहासकारांनी मिळून घाडगेंच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं. पुतळा नाही, तोफ नाही, सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिन वाक्य आहे, आपण सगळे एकाच सूर्याखाली जगतो अशा अर्थाचं. पळसगावचं ऊन चारेक तासांनी मोंतोनेला पोचतं आणि घाडगेंच्या नावावर सावली फिरते. ज्या खोऱ्यात आपला माणूस लढायला आला आणि मेला, तिथल्या गावानं एकोणऐंशी वर्षांनी त्याच्यासाठी वेळ आणि जागा काढली. माणगावातही त्यांचं स्मारक आहे आणि तिथले लोक ते जपतात.

कोल्हापूरला ही देवाणघेवाण नवी नाही. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहिले. बायका, लेकरं, म्हातारी माणसं, आणि त्यांच्यातल्या कित्येकींचे नवरे, बाप, भाऊ पोलिश फौजेत लढत होते. सैनिकांची कुटुंबंच ती. १९९८ मध्ये त्यातल्या हयात माणसांनी कोल्हापुरात महावीर उद्यानात स्तंभ उभारला. वॉर्साला माँते कॅसिनोच्या स्मारकाजवळ कोल्हापूरचं नाव लिहिलेलं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं गेले तेव्हा आपल्याकडं अनेकांना ते पहिल्यांदा कळलं. वळिवड्यात खेळलेली पोरं आता नव्वदीकडं झुकलीत, अजून कोल्हापूरचं नाव काढतात.

आता घराकडं वळतो.

नवी दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला उघडलं, तेव्हा तिथल्या त्याग चक्रात २५,९४२ नावं होती, स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्यांची, प्रत्येकाला ग्रॅनाइटची स्वतंत्र वीट. वाचायला छत्तीस तास. तिथं रोज संध्याकाळी एका वीराच्या घरच्यांच्या हातून पुष्पचक्र वाहिलं जातं. रोज एक घर. २५,९४२ घरांना या हिशेबानं एकाहत्तर वर्षं लागतात. पहिल्या दिवसापासून एकही खाडा न करता मोजलं, नवं एकही नाव वाढलं नाही असं धरलं, तरी शेवटच्या घराची पाळी २०९० साली येईल. वाट बघणारी आई तोवर कुठून असणार?

बघायला गेलं तर आपल्या भागात या कामाची रीत फार जुनी आहे. कोल्हापूरच्या आसपास देवळाच्या आवारात, बांधावर, ओढ्याकाठी वीरगळ दिसतात. खालच्या चौकटीत पडलेला वीर, बहुतेकदा शेजारी गाई, कारण गावची गुरं सोडवतानाच तो पडलेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वर तो शंकराच्या पिंडीसमोर हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. हजार-आठशे वर्षांपूर्वी गावानं दगड आणला, पाथरवटाला धान्य दिलं, आणि हे करून घेतलं. पण बहुतेक दगडांवर नाव नाही. ज्यांनी उभारला त्यांना ते माहीत होतं, लिहायची गरज वाटली नाही. पुढच्या पिढ्यांनी शेंदूर लावला, तेल घातलं, आणि वीराचा देव झाला. आता गावोगावची तरुण मुलं मातीत गाडलेले वीरगळ उकरून, धुऊन, पुन्हा उभे करतात. दगड हाती लागतो. नाव लागत नाही.

आणि एक रीत नवी आहे. गावचा जवान वीस-बावीस वर्षं नोकरी करून निवृत्त होऊन येतो, तेव्हा मंडळाची पोरं वर्गणी काढून उघडी जीप सजवतात. पुढं हलगी, घुमकं, कैचाळ. वेशीपासून घरापर्यंत मिरवणूक, दारात आई भाकरतुकडा ओवाळून टाकते, बायको औक्षण करते. देशभरात दर वर्षी सुमारे साठ हजार सैनिक निवृत्त होतात, दिवसाला एकशे साठच्या वर. सगळ्यांच्या वाट्याला हलगी येत नाही. पण आपल्याकडं हे पोरं स्वतःहून करतात, कुणी फर्मान काढलेलं नाही. त्या दिवशी गावातले सगळे म्हातारे फौजी बॅरे टोपी आणि पदकं घालून बाहेर येतात. मला तो दिवस फार मोलाचा वाटतो, एका साध्या कारणासाठी : गावात किती फौजी आहेत ते त्या दिवशी एकत्र दिसतं. आणि त्यांच्याबरोबर, जरा मागं, पदर डोक्यावर घेतलेल्या बायका. देशात सहा लाखांहून अधिक सैनिक-विधवांची नोंद आहे. त्यांची नुसती नावं घ्यायला महिना पुरत नाही, चार-पाच दिवस तरी वर लागतात.

त्या दिवशी कुणीतरी वही आणावी, एवढंच मला म्हणायचं आहे.

दोनशे पानी साधी वही. रकाने : नाव, वडलांचं नाव, पलटण, नंबर, कुठल्या मोहिमेला गेले, परत आले का, घर कुठलं, आता त्या घरात कोण. फौजेच्या कागदावर पूर्वी बऱ्याचदा नुसतं नाव आणि आडनाव असे, आणि एका पलटणीत तेच नाव चार-चार जणांचं. म्हणून नंबर लागतो. इंग्रज कारकुनानं घाटगे आणि घाडगे एक करून ठेवलेले असतात, चव्हाणांची स्पेलिंगं बघाल तितकी. तरीही धागा सापडतो. कॉमनवेल्थ कमिशनच्या नोंदी इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात, आणि पुष्कळ हिंदुस्थानी शिपायांपुढं अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा, कोल्हापूर, असं लिहिलेलं आहे. मराठा पलटणीचे कागद बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात, सॅपर्सचे खडकीला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शनच्या नोंदी. आणि सगळ्यांच्या आधी, गल्लीतली नव्वदीची आजी. तिला चुलतसासऱ्याची पलटण सांगता येणार नाही, पण तो बसऱ्याला गेला होता हे सांगता येईल. तो शब्द तिला कुणी शिकवलेला नाही, घरात ऐकलेला आहे. ही नोंद कुठल्याच कार्यालयात नाही.

२०२३ च्या ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत देशभर २.३३ लाखांवर शिलाफलक उभे राहिले. दगड आला, ही चांगली गोष्ट झाली. पण दगडावर काय लिहायचं ते आधी वहीत असावं लागतं.

पंजाबात असं झालंय. पहिल्या महायुद्धातल्या ३,२०,००० शिपायांच्या गाववार नोंदी लाहोरच्या संग्रहालयात शंभर वर्षं पडून होत्या. ब्रिटनमधल्या पंजाबी मंडळींनी एका विद्यापीठाला सोबत घेऊन त्या २०२१ पासून लोकांसाठी खुल्या करायला घेतल्या, आणि माणसं आपल्या पणजोबाचं नाव शोधून काढू लागली. आपल्या राज्यात सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायती आहेत. एका माणसानं रोज एका गावाला जाऊन वही भरली तर शहात्तर वर्षं लागतील, दिल्लीतल्या पुष्पचक्रांहूनही पाच वर्षं जास्त. गावानं आपली आपण भरली तर एक रविवार.

हिवाळ्यात ईप्रमध्ये संध्याकाळचे आठ वाजतात, तेव्हा बिद्रीत रात्रीचे साडेबारा झालेले असतात. गाळप चालू असतं, मळीचा वास हवेत असतो. ट्रॅक्टर रांगेत उभे असतात आणि नंबर लागायची वाट बघत ड्रायव्हर पोरं पाचटाची शेकोटी करून बसलेली असतात. त्यांच्यातल्या एखाद्याचा भाऊ मिलट्रीत असतो, एखाद्याची स्वतःची भरतीची तारीख जवळ आलेली असते, पहाटे उठून पळायचंही असतं. एक जण उठतो, वाढ्यांचा पेंढा ओढून जाळात टाकतो. तिकडं कमानीखाली रहदारी थांबलेली असते. अग्निशमन दलाची माणसं रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहतात, आणि बिगुल ओठाला लावतात.